विजेची लहान मोटार कीं दुहेरी मोटार ?

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारांत जातें, पाठोपाठ कापसाची पहिली वेचणी येते, आणि हातांत चार पैसे खेळूं लागले कीं आमच्याकडे येणाऱ्या सभासदांच्या बोलण्यांत पंप व ट्रॅक्टर यांच्या जोडीला हल्लीं मोटारगाडीचाहि विषय निघतो. मागील हंगामांत दर्यापूर तालुक्यांतील एक सभासद आमच्याकडे आले होते. घरची सतरा एकर काळी जमीन; मुलगी अमरावतीस शिकावयास; वृद्ध आईस दर महिन्यास अकोल्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें, आणि दर खेपेस भाड्याची गाडी. बँकेचें सहा लाखांचें कर्ज मंजूर होण्याच्या बेतांत होतें. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतों : "भाऊ, निव्वळ बॅटरीची लहान गाडी घेऊं, का दोन्हीवर चालणारी ? लाईन गेली तं पेट्रोल हाये."

प्रश्न वाजवी आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाहीं. सहा लाखांचें कर्ज म्हणजे कोरडवाहू कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या शिलकीचा प्रश्न; तो दुकानदाराच्या एका वाक्यावर सुटूं नये, म्हणून आम्हीं या विषयाची जी माहिती जमविली ती सर्व वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. "दोन्हीवर चालणारी" या नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या वस्तूंची सरमिसळ होते. २०२२ सालापासून मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी अशा ज्या गाड्या "हायब्रीड" म्हणून आपल्याकडे विकल्या जाऊं लागल्या, त्यांत एक लहान बॅटरी असते खरी. परंतु इंजिन चालतांना व ब्रेक लावतांना जी शक्ति हातीं लागते तेवढ्यावरच ती भरते. बाहेरून तार लावण्याची सोयच तींत नाहीं. अर्थात् ती गाडी पेट्रोल जपून वापरते, पण चालते ती सर्वस्वीं पेट्रोलच्याच पैशावर. आमच्या सभासदांस दुकानदारानें "तारेची कटकट नाहीं" म्हणून जी दाखविली ती हीच. दुसरी ती प्लग-इन हायब्रीड. तींत बॅटरी बरीच मोठी असून ती घरच्या विजेवर भरतां येते. एका भरण्यांत चाळीस ते ऐंशी किलोमीटर निव्वळ विजेवर जावें आणि बॅटरी संपतांच पेट्रोलचें इंजिन सुरू व्हावें, अशी तिची रचना असते. या लेखांत आम्ही "दुहेरी मोटार" म्हणूं ती हीच दुसरी.

दुहेरी मोटार कागदावर मोठी मोहक वाटते. चीनमध्यें बी. वाय. डी. कंपनीनें २००८ च्या डिसेंबरांत आपली पहिली दुहेरी मोटार बाजारांत आणली. अमेरिकेंत शेव्हरोलेची व्होल्ट २०१० च्या अखेरीस आली व २०१९ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. चीनमध्यें आज साध्या गृहस्थास परवडतील अशा दुहेरी मोटारी पुष्कळ आहेत. आपल्या देशांत मात्र या जातीच्या ज्या गाड्या आजवर आल्या त्या व्होल्व्हो, बी. एम. डब्ल्यू. अशा परदेशी कंपन्यांच्या व धनिकांसाठींच्या. चार मीटरांच्या आंतील, आठ-दहा लाखांची दुहेरी मोटार वऱ्हाडांतील शेतकऱ्यास अजून पाहावयासहि मिळालेली नाहीं. कराची रचनाहि तिला अनुकूल नाहीं. निव्वळ विजेच्या मोटारीवर वस्तु व सेवा कर शेंकडा ५ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें लहान पेट्रोल व हायब्रीड गाड्यांवर तो शेंकडा १८ आणि मोठ्या गाड्यांवर शेंकडा ४० आहे. ज्या दुहेरी मोटारी आपल्याकडे आहेत त्या या ४० च्या वर्गांत बसतात.

तरीहि समजा, उद्यां एखादी लहान दुहेरी मोटार आली. तर ती घ्यावी काय? जुन्या लोकांस विहिरीवरची मोट आठवत असेल. तेलाचें इंजिन आलें तेव्हां कित्येकांनीं तें बसविलें, पण इंजिन बिघडलें तर काय म्हणून मोट, नाडा आणि बैलजोडीहि कायम ठेविली. त्यांस वैरणहि घालावी लागली आणि तेलहि. दुहेरी मोटारीची गत तशीच आहे. एका पत्र्याखालीं इंजिन, त्याचें ऑइल, फिल्टर, सायलेन्सर व पेट्रोलची टांकी. आणि त्याच पत्र्याखालीं बॅटरी, चार्जर व विजेची मोटर. दोहोंचा भार नेहमींच वाहावयाचा आणि दोहोंची निगा राखावयाची.

पण खरी मेख निराळीच आहे, आणि ती यंत्रांत नसून माणसांत आहे. दुहेरी मोटार रोज तारेला लावली तरच तिचा उपयोग. न लावली तर ती वजनदार पेट्रोल-गाडी. युरोपांत या गाड्यांवर कर-सवलती देण्यांत आल्या त्या प्रयोगशाळेंतील कसोटीच्या आंकड्यांवर. पुढें प्रत्यक्ष रस्त्यावर धांवणाऱ्या गाड्यांच्या नोंदी पाहतां, त्यांतून निघणारा कार्बनी वायु कसोटीच्या आंकड्याच्या सरासरीनें सुमारें साडेतीन पट भरला, असें युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालांत नमूद आहे. पूर्वींच्या एका पाहणींत आढळलें कीं, ज्यांस कंपनीकडून गाडी मिळते त्यांचा पेट्रोलचा खर्च कसोटीहून विशेषच अधिक. पेट्रोलचें बिल दुसरा भरणार असेल तर रात्रीं उठून तार कोण लावील ? आमचा शेतकरी स्वतःच्या खिशांतून पेट्रोल भरतो, हें खरें. तथापि दिवसभर शेतांत राबून आल्यावर, अंगणांत चिखल, वर पाऊस, आणि पेट्रोलचा कांटा अर्ध्यावर असतांना, किती जण तार लावतील याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आतां निव्वळ विजेच्या लहान मोटारीकडे वळूं. बंगळूर येथें तयार होणारी रेवा २००१ साली आली तेव्हां ती शहरांतील हौशी लोकांची वस्तु होती. चारचौघांच्या आवांक्यांत ही मोटार आली ती टाटांच्या टियागोनें, २०२२ च्या सप्टेंबरांत. पुढें २०२३ मध्यें एम. जी.ची कॉमेट व २०२४ च्या जानेवारींत टाटांची पंच या पंक्तींत बसल्या. टियागोची मोठी बॅटरी २४ युनिटांची. कंपनीनें आरंभीं तिची मजल ३१५ किलोमीटर सांगितली होती. हा कसोटीचा आंकडा होय. प्रत्यक्षांत एका युनिटास सात ते आठ किलोमीटर धरावेत, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीनें १७० ते १९०. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. तेव्हां आंत थंडाव्याचें यंत्र चालवून महामार्गावर शंभराच्या वेगानें गेल्यास यांतूनहि बरेच वजा करावे लागतात. बॅटरी अगदीं तळाशीं नेऊं नये हेंहि लक्षांत घेतां, महामार्गावर एका दमांत १३० ते १४० किलोमीटर हाच शहाणपणाचा हिशेब.

हें अंतर वऱ्हाडास पुरतें काय ? तालुक्याच्या गांवापुरतें पुरून उरतें. अमरावती ते अकोला सुमारें शंभर किलोमीटर. (याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्यें ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनेसच्या पुस्तकांत नांव नोंदविलें गेलें, आमच्या पांदण रस्त्यांस असा योग कधीं येतो पाहूं.) परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, कोठूनहि जिल्ह्याच्या ठिकाणीं जाऊन-येऊन फेरी शंभर-सव्वाशेच्या आंत बसते. चिखलदऱ्याच्या घाटाची पुष्कळांस धास्ती वाटते; परंतु दीड टन वजनाची भरलेली गाडी सुमारें सातशे मीटर उंच चढविण्यास अधिकचीं तीन-सव्वातीन युनिटेंच लागतात, आणि उतरतांना मोटर उलट चालून त्यांतलीं बरींच परत देते. घाट हा अडथळा नव्हे.

अडथळा आहे तो नागपूरच्या पलीकडचा आणि पुण्या-मुंबईचा. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर. तेथें पोंचून भरल्यावांचून परत येतां येत नाहीं. अकोल्याहून अडीचशे, वाटेंत एकदां तरी थांबणें आलें. मागील उन्हाळ्यांत आमच्यापैकीं एक जण अशाच लहान मोटारीनें सहकुटुंब नागपूरला लग्नास निघाले. वाटेंतील एका चार्जिंग केंद्राचा मोबाईलवर हिरवा दिवा दिसत होता, प्रत्यक्षांत यंत्र बंद. दुसरें केंद्र कांहीं अंतरावर मिळालें, तेथें दोन गाड्या आधींच उभ्या. जलद चार्जिंग म्हटलें तरी या लहान गाड्यांस सुमारें तास लागतो. ते मांडवांत पोंचले तेव्हां अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. असा प्रवास वर्षांतून एक-दोनदां असेल तर बडनेऱ्याहून रेल्वे आहे, भाड्याची गाडी आहे. महिन्यांतून तीनदां असेल तर लहान विजेची मोटार ही त्या घरची एकुलती गाडी होऊं नये. कॉमेटच्या बाबतींत तर, ती आली तेव्हां महामार्गावरील जलद डी. सी. चार्जिंगची सोयच तींत नव्हती. ती गांवांतल्या गांवांत वापरावयाचीच वस्तु.

येथवर गाडीचा विचार झाला. आमच्या मतें खरा निर्णय गाडीपाशीं नाहीं, घराच्या भिंतींतील सॉकेटापाशीं आहे. २४ युनिटांची बॅटरी पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटावर रिकामीपासून भरावयास आठ-नऊ तास घेते. हे आठ तास सलग अडीच-तीन किलोवॅटचा भार, म्हणजे दोन इस्त्र्या एकसारख्या चालू ठेवण्यासारखें आहे. जुन्या वाड्यांतील बारीक तार हा भार सोसत नाहीं. सॉकेट काळें पडतें, वास येतो. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एम. सी. बी., आणि चांगलें अर्थिंग हवें. अर्थिंग नसेल तर पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहींत, आणि तें बरेंच आहे. आमच्या काळ्या जमिनींत उन्हाळ्यांत भेगा पडतात, माती पट्टीपासून सुटते व अर्थिंग नांवापुरतें उरतें. त्या खड्ड्यांत मार्च ते जून पाणी घालीत राहावें. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत उलट स्थिति : खारी माती वीज उत्तम वाहून नेते, पण लोखंडी नळी थोड्याच वर्षांत खाऊन टाकते. तेथें तांब्याची पट्टी अगर तांब्याचा मुलामा दिलेली कांब वापरावी आणि दर उन्हाळ्यांत एकदां तपासावी.

दाबाचें काय ? गांवठाणाच्या वाहिनीवर संध्याकाळीं सगळ्या घरांचे कूलर सुरू झाले म्हणजे २३० व्होल्टांच्या ठिकाणीं कित्येक गांवांत १७०-१८० उरतात. एवढ्या दाबावर चार्जर रेंगाळतो वा बंद पडतो. हा दाब रात्रीं अकरानंतर सुधारतो, म्हणून गाडी झोपण्यापूर्वीं लावावी, दिवेलागणीस नव्हे. गाडी घेण्याआधीं एप्रिल-मे महिन्यांत पंधरा दिवस रात्रीं आठ व अकरा वाजतां व्होल्ट मोजून वहींत लिहावेत. वायरमनकडील शे-दीडशे रुपयांच्या साध्या यंत्रानें तें होतें. दुकानांतील चाचणी-फेरीपेक्षां या वहीवरून अधिक समजेल.

एक स्पष्ट इशारा. शेतावरील पंपाच्या जोडणीवर मोटार भरण्याचा मोह कोणी धरूं नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस २०२४ पासून वीज मोफत मिळते, ती सिंचनासाठीं. तीच वीज गाडीस लावणें हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापर ठरून दुप्पट दरानें आकारणी होऊं शकते. शिवाय शेतीच्या वाहिनीस वीज पाळीपाळीनें मिळते. रात्रपाळीचा आठवडा आला म्हणजे पंप कीं गाडी, असा झगडा घरांतच लागेल.

आतां पैशाचा हिशेब. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटांपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत जवळ जवळ दुपटीचा फरक पडतो, आणि गाडीचीं युनिटें बहुतांशीं वरच्याच टप्प्यांत जातात. कंपनीचा विक्रेता खालचा दर धरून हिशेब दाखवितो. तो घेऊं नये. महिना १,००० किलोमीटर धांव धरा. भिंतीपासून बॅटरीपर्यंतची गळती धरून सुमारें १५० युनिटें लागतील. युनिटास १३ रुपये धरल्यास १,९५० रुपये. लहान पेट्रोल-गाडी लिटरला १८ किलोमीटर देते व पेट्रोल १०५ रुपये धरलें तर ५,८०० च्या वर. महिन्यास सुमारें ३,९०० वांचले. वर्षास ४६ हजारांवर. विजेची गाडी तत्सम पेट्रोल-गाडीहून अडीच-तीन लाखांनीं महाग धरली तर सहा-सात वर्षांत फरक फिटतो. परंतु धांव महिन्यास ४०० किलोमीटरच असेल, तर वर्षाची बचत १८-१९ हजारांची, आणि फरक फिटावयास पंधरा वर्षें ! अशा घरानें विजेची मोटार बचतीसाठीं म्हणून घेऊं नये. छपरावर तीन किलोवॅटचीं सौर पॅनेलें असतील तर हिशेब पालटतो. त्यांवर दिवसास सरासरी बारा युनिटें पडतात, आणि २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत त्यांस ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरलें. मात्र पॅनेलांचें कर्ज आणि गाडीचें कर्ज एकाच हंगामांत काढूं नये.

बॅटरी भाड्यानें घेऊन गाडी स्वस्तांत घेण्याची एक पद्धत २०२४ पासून निघाली आहे. किलोमीटरमागें भाडें भरावयाचें असतें. गाडीची किंमत कमी दिसते. पण हें भाडें विजेच्या खर्चांत मिळविल्यास पेट्रोलशीं फारसें अंतर उरत नाहीं, असें आमच्या पाहण्यांत आलें. किमान भाड्याचें कलम करारपत्रांत आधीं शोधावें.

निगेची बाजू लहान विजेच्या मोटारीस अनुकूल आहे : ऑइल नाहीं, क्लच नाहीं, प्लग नाहींत. मात्र तींतील नारिंगी रंगाच्या तारांस गांवच्या फिटरानें हात लावूं नये. त्यांत तीनशे व्होल्टांच्या वर दाब असतो. संत्र्याच्या मुलुखांत नारिंगी रंग धोक्याचा ठरावा हें विचित्र खरें, पण सगळ्या जगांत खूण तीच आहे. उन्हाळ्यांत गाडी निंबाखालीं वा पडवींत उभी करावी, भर उन्हांत तापलेली असतांना लगेच भरावयास लावूं नये. उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. आणि मृग लागल्यावर ती पांदणीवर नेऊं नये. बॅटरी गाडीच्या पोटाखालीं असते, आणि आमचा चिखल कसा धरतो तें वाचकांस सांगावयास नको.

बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. कर्ज सात वर्षांचें काढलें तर तें फिटल्यावर हमीचें एकच वर्ष हातीं राहतें, आणि जुन्या विजेच्या गाडीस आज बाजारांत भाव बेताचाच आहे. म्हणून कर्ज पांच वर्षांच्या आंत फिटण्यासारखें असेल तरच पुढें पाऊल टाकावें, असें आमचें मत आहे.

तेव्हां "लाईन गेली तर" या भयानें दुहेरी मोटारीची वाट पाहणें आम्हांस पटत नाहीं. वीज एक रात्र गेली तर बॅटरींत आदल्या दिवसाची शिल्लक असते. चार-पांच दिवस जाणें हें वादळांतच घडतें, आणि तेव्हां शेजाऱ्याची गाडी मिळते. ज्याच्या गांवांत वीज रोजच दगा देते त्यानें साधी पेट्रोलची अथवा सी. एन. जी.ची गाडी घ्यावी. दुहेरी मोटारीसहि तीच वीज लागते, आणि ती न मिळाल्यास तिची जास्तीची किंमत अंगणांत नुसती उभी राहते.

दर्यापूरच्या सभासदांनीं हें सर्व ऐकून घेतलें. मुलीकडे व दवाखान्यांत मिळून त्यांची धांव महिन्यास सातशे-आठशे किलोमीटर भरते, हिशेब काठावरचा. त्यांनीं उन्हाळ्यांत वही ठेविली. रात्रीं आठ वाजतां १७५, अकरा वाजतां २१५. अर्थिंग नवें केलें, मीटरपासून गोठ्याच्या पडवीपर्यंत जाड तार ओढली, आणि गल्लींतील बारा घरांच्या सह्या घेऊन रोहित्राची क्षमता वाढविण्याचा अर्ज उपविभागाच्या कचेरींत दिला. कर्ज त्यांनीं सहाऐवजीं चार लाखांचें मागितलें आहे. गाडी अद्याप घेतलेली नाहीं. रोहित्र बदललें कीं टियागो पाहावयास जाऊं, असें ते परवां म्हणाले.